अमेरिकेत ट्रक शिकताना पगार किती मिळतो आणि तोवर घर कसं चालवायचं

भावाबहिणीच्या पिटिशनवर ग्रीन कार्ड घेऊन आलेली आपली बरीच मंडळी न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, इंडियानात भेटतात. वय चाळीस-पंचेचाळीस, गावाकडे बँकेत नाहीतर एमआयडीसीत चांगली नोकरी होती आणि इथे आल्यावर गॅस स्टेशन, वेअरहाऊस नाहीतर मोटेलचं फ्रंट डेस्क. त्यातले कितीतरी जण मला विचारतात की ट्रकचं लायसन काढू का, आणि त्यालाच जोडून दुसरा प्रश्न, ट्रेनिंगमध्ये पगार चालू असतो ना? मी स्वतः याच वाटेने गेलोय, आज ट्रकवरच घर चालतंय, आणि काम चांगलं आहे हे मनापासून सांगतो. सरकारी कामगार खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यात हेवी ट्रक ड्रायव्हरचा मधला वार्षिक पगार ५७,४४० डॉलर आहे. पण त्या पगारापर्यंत पोचायच्या आधीचे जे तीन-चार महिने असतात ना, तिथेच लोक अडकतात. गाडी शिकता येते हो, पण पाचव्या आठवड्यात घरभाडं थकतं आणि माणूस ट्रेनिंग अर्धवट सोडून परत येतो, वर शाळेची फी अंगावर. म्हणून हे सगळं पैशाच्या बाजूने लिहितोय.

१. आधी बघा, हे तुम्हाला लागू होतं का

हा लेख ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असलेल्यांसाठी आहे. एच-फोर (नवरा किंवा बायकोच्या व्हिसावरचा डिपेंडंट व्हिसा) किंवा कुठल्या तरी वर्क परमिटवर असाल तर तुम्हाला जे लायसन लागतं ते वेगळं असतं, त्याला नॉन-डोमिसाइल्ड सीडीएल म्हणतात (सीडीएल म्हणजे कमर्शियल ड्रायव्हिंग लायसन, ट्रकचं लायसन), आणि सप्टेंबर २०२५ मध्ये फेडरल सरकारने त्याचे नियम खूप कडक केले, प्रकरण कोर्टातही गेलं. अशा स्थितीत असाल तर आधी स्टेटच्या मोटर व्हेइकल ऑफिसमध्ये जाऊन स्वतः चौकशी करा, तोवर शाळेत एक डॉलर भरू नका. आणि महाराष्ट्रात बसून कोणी एजंट सांगत असेल की टुरिस्ट व्हिसावर या, आम्ही ट्रकवर लावतो, तर त्याला लाखभर रुपये देण्याआधी थांबा, टुरिस्ट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर आहे, ट्रक सोडाच.

वय १८ ला बहुतेक ठिकाणी स्टेटच्या आत चालवता येतं, स्टेटबाहेर जायला २१ लागतात. स्टेटचं साधं कार लायसन आधी हवं. भारतात पंधरा वर्षं दहा टायर चालवली असली तरी इथल्या कंपन्या तो अनुभव बहुधा धरत नाहीत, तुम्ही नवखेच, त्यामुळे पगारही नवख्याचाच.

इंग्रजीचं मात्र मनावर घ्या. २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इन्स्पेक्टरशी इंग्रजीत बोलता आलं नाही किंवा बोर्ड वाचता आले नाहीत तर ड्रायव्हरला तिथेच गाडीवरून उतरवतात. लायसनच्या स्किल्स टेस्टमध्येही, म्हणजे गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेत, दुभाषी चालत नाही.

२. तीन वाटा आहेत, पैशाच्या हिशेबाने निवडा

पहिली, स्वतः फी भरून प्रायव्हेट शाळा. साधारण चार ते आठ हजार डॉलर, महागड्या शहरात आणखी. कोणाशी बांधिलकी नाही, लायसन मिळालं की हवी ती कंपनी बघा. शिवाय बऱ्याच कंपन्या नवीन मुलांना घेताना ट्युशन रिइम्बर्समेंट म्हणून दर महिन्याला थोडे थोडे पैसे परत करतात, ते विचारून घ्यायचं.

दुसरी, सरकारी मदत. २०१४ च्या डब्ल्यूआयओए (कामगारांच्या ट्रेनिंगला मदत करणाऱ्या) कायद्याखाली अमेरिकन जॉब सेंटरमधून पात्र माणसाची फी भरली जाऊ शकते, ग्रीन कार्डवाल्यांनाही. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं. तुमच्या काउंटीचं सेंटर शोधा, अपॉइंटमेंट घ्या, नोकरी गेली असेल किंवा उत्पन्न कमी असेल तर जाच. तिथे अजून एक विचारा, सपोर्टिव्ह सर्व्हिसेस मिळतील का, म्हणजे येण्याजाण्याचा खर्च, मुलांचं डे-केअर वगैरे, काही ठिकाणी मिळतं. फक्त मंजुरी हातात येण्याआधी शाळा सुरू करू नका, आधी भरलेली फी मागून मिळत नाही. मंजुरीला वेळ लागतो, तेवढे दिवस आहे ती नोकरी करत राहायचं.

तिसरी, कंपनीची स्वतःची शाळा. फी आत्ता भरायची नाही, बसचं तिकीट ते काढतात, मोटेलात राहायची सोय करतात, त्या बदल्यात साधारण वर्षभर त्यांच्याकडे काम करायचा करार. हातात काहीच नसेल तर ही वाट खरंच उपयोगी आहे, नावं ठेवायचं कारण नाही. पण "फ्री ट्रेनिंग" हा शब्द जाहिरातीतला आहे, फी करारात लिहिलेली असते आणि वर्ष पुरं केलंत तरच माफ होते किंवा पगारातून आठवड्याला कापली जाते.

बायको-मुलं असलेल्या माणसाला माझा सल्ला विचाराल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजची किंवा प्रायव्हेट शाळेची वीकेंड बॅच. जास्त आठवडे लागतात, पण सोमवार ते शुक्रवारची नोकरी टिकते, आणि नोकरी टिकली की घरात ताण येत नाही.

शाळा कुठलीही घ्या, ती एफएमसीएसएच्या (ट्रकच्या सुरक्षेचं फेडरल खातं) ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत, म्हणजे मान्य शाळांच्या यादीत आहे का ते सरकारी वेबसाइटवर स्वतः बघा. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नियम असा आहे की त्या यादीतल्या शाळेत शिकल्याशिवाय स्किल्स टेस्टच देता येत नाही, "माझा मेहुणा शिकवेल" हे संपलं. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने जवळपास ३,००० शाळा यादीतून काढायची कारवाई जाहीर केली, म्हणून गेल्या वर्षी मित्र तिथे शिकला एवढ्यावर जाऊ नका, फी भरायच्या दिवशी परत बघा.

३. वहीत कॅलेंडर मांडा, कुठल्या आठवड्यात पैसे येणार आणि कुठल्या नाही

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि हे नवरा-बायको दोघांनी मिळून करा. जाहिरातीत लिहिलेलं असतं की ट्रेनिंग पे आठवड्याला ६५० डॉलर, आणि आपण सरळ महिन्याचे सव्वीसशे धरून मोकळे होतो. पण तो आकडा एकाच टप्प्याचा असतो. खरं चित्र साधारण असं:

लर्नर परमिटचा अभ्यास, दोन-तीन आठवडे. जनरल नॉलेज, एअर ब्रेक्स, कॉम्बिनेशन व्हेइकल्स (ट्रेलर जोडलेली गाडी) असे तीन पेपर. हे जुनी नोकरी करत करत करायचं, स्टेटचं मॅन्युअल फुकट मिळतं. परमिट हातात आल्याशिवाय नोकरी सोडायची नाही. कंपनीचे लोक म्हणतात इकडे या, इथे अभ्यास करून घेतो, पण तिथे पेपर नापास झालात तर पगाराविना मोटेलात बसून राहता.

शाळा, तीन-चार आठवडे. बहुतेक ठिकाणी पगार शून्य. काही कंपन्या या काळातही तासावर पैसे देतात, अशी मिळाली तर सोन्याहून पिवळं, पण ते रिक्रूटरच्या तोंडी नको, लेखी हवं.

स्किल्स टेस्टची तारीख. कायद्याने परमिट मिळाल्यापासून १४ दिवस तरी थांबावंच लागतं, आणि त्यापुढे तारीख मिळायला काही ठिकाणी आठवडे जातात. नापास झालात तर पुन्हा रांग. पगार शून्य.

ओरिएंटेशन, तीन-चार दिवस. थोडी ठरावीक रक्कम देतात, पण ती पहिल्या चेकसोबत येते.

ट्रेनरसोबत ट्रकवर, साधारण चार ते आठ आठवडे. जाहिरातीतला तो आठवड्याचा आकडा इथला. ५०० ते ८०० च्या दरम्यान बऱ्याच ठिकाणी दिसतो. आणि पहिला चेक एक-दोन आठवडे उशिरा.

आता बेरीज करा. समजा घरखर्च, म्हणजे भाडं, वीज, किराणा, कारचा इन्शुरन्स, फोन मिळून महिन्याला ३,२०० आहे. दोन महिने काहीच येणार नाही असं धरलं तर ६,४०० गेले. तुमचं बाहेरचं जेवण, लाँड्री, मेडिकल, परमिटची फी, बूट वगैरे मिळून हजारेक. ट्रेनरसोबतच्या दोन महिन्यांत ६५० मधले कापून ५५० च्या आसपास हातात येतात, म्हणजे महिन्याला बावीसशे, दर महिन्याला हजाराची तूट, दोन महिन्यांची दोन हजार. झाले ९,४००. तुमचे आकडे वेगळे असतील पण पद्धत हीच. बायकोचा पगार येत असेल तर तो वजा करा. एवढे साठलेले नसतील तर थांबा, सहा महिने ओव्हरटाइम करा, भिशी लावली असेल तर तुमचा नंबर त्या महिन्यात येईल असं बघा. क्रेडिट कार्डवर हे महिने काढू नका, पुढे बराच पगार व्याजात जातो.

हेल्थ इन्शुरन्सही याच वहीत लिहा. नव्या कंपनीचा इन्शुरन्स पहिल्या दिवशी सुरू होत नाही, कायद्याने ते ९० दिवसांपर्यंत थांबवू शकतात. जुनी नोकरी सोडली की तिथला संपतो. मधल्या काळात मुलांचं काय, हे नोकरी सोडायच्या आधी ठरवायचं.

४. मेडिकल आणि ड्रग टेस्ट: इथे नापास म्हणजे सगळा खर्च पाण्यात

फी भरायच्या आधी डीओटी मेडिकल (फेडरल वाहतूक खात्याच्या नियमांची ड्रायव्हरची तपासणी) करून घ्या. खर्च शंभर-सव्वाशे डॉलर धरा. बीपी १४०/९० च्या आत असेल तर दोन वर्षांचं सर्टिफिकेट मिळू शकतं, थोडं वर असेल तर एक वर्षाचं. आपल्याकडे बीपी-शुगर घरोघरी आहे, गोळ्या चालू असतील तर नीट घेऊन, डॉक्टरांचं पत्र घेऊन जा. मान जाड, वजन जास्त, घोरणं असेल तर स्लीप स्टडी करायला सांगू शकतात, त्यात वेळ आणि पैसे दोन्ही जातात, म्हणून हे आधीच उरकायचं.

ड्रग टेस्टबद्दल आपल्या लोकांसाठी खास दोन गोष्टी. महाशिवरात्रीची किंवा होळीची भांग ही गांजाच धरली जाते, तुमच्या स्टेटमध्ये कायदेशीर असली तरी डीओटीला चालत नाही. पॉझिटिव्ह आलात की नाव फेडरल क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्रग टेस्टच्या सरकारी नोंदीत जातं आणि कुठल्याही कंपनीला दिसतं. काही मोठ्या कंपन्या केसांची टेस्ट घेतात, त्यात महिन्यांपूर्वीचंही निघतं. दुसरं, खसखस. तिच्यामुळे लघवीत मॉर्फिन दिसू शकतं. दिवाळीच्या सुमाराला टेस्ट असेल तर त्याआधी आठवडाभर अनारसे आणि खसखशीची खीर बंद.

५. ही कागदपत्रं एका फाइलमध्ये

- ग्रीन कार्ड किंवा पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड, स्टेटचं लायसन
- राहत्या पत्त्याचे पुरावे, परमिटला लागतात
- डीओटी मेडिकलचं सर्टिफिकेट आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- व्हॉइडेड चेक किंवा बँकेचा डायरेक्ट डिपॉझिट फॉर्म, नसेल तर कंपनी पैसे फ्युएल कार्डवर देते आणि काढताना फी बसते
- गेल्या दहा वर्षांच्या नोकऱ्यांची यादी, तारखांसकट

यातला शेवटचा मुद्दा नव्याने आलेल्यांना जड जातो. बऱ्याच कंपन्या दहा वर्षांचं मागतात आणि महिन्याभरापेक्षा जास्त गॅप असेल तर त्याचा पुरावा. भारतातल्या नोकरीचं एक्स्पिरिअन्स लेटर, कंपनीचा चालू ईमेल, शेती करत असाल तर सातबारा आणि ओळखीच्या दोघांची पत्रं, हे गावाकडून आधीच मागवून घ्या. ओरिएंटेशनला पोचल्यावर "तुमचं व्हेरिफिकेशन झालं नाही" म्हणून परत पाठवलेली माणसं मी बघितलीयत, आणि परतीचं तिकीट तेव्हा स्वतःचं असतं.

६. सही करायच्या आधी रिक्रूटरला हे विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या

रिक्रूटर गोड बोलतो, त्याचं ते काम आहे. फोनवरचं काही धरू नका. फोन झाल्यावर लगेच तुम्हीच ईमेल टाका की आत्ता आपलं असं असं बोलणं झालं, बरोबर ना, आणि त्याच्या "येस" ची वाट बघा.

शाळेच्या आठवड्यांत पगार आहे का? खोली एकट्याला की दोघांत, आणि जेवण कोणाचं? ट्रेनरसोबत किती आठवडे, आणि ते आठवड्यांवर संपतं की मैलांवर? पगार ठरावीक की मैलावर, आणि ट्रक दोन दिवस दुरुस्तीला उभा राहिला तर त्या दिवसांचं काय? ट्रेनिंग संपल्यावर ट्रक रिकामा नसेल तर घरी बसवून पगार देणार का? टेस्ट दुसऱ्या स्टेटमध्ये पास झालो तर लायसनचं कार्ड काढायला घरी यायचा खर्च कोण देणार? हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. टेस्ट मिसुरीत देता येते पण कार्ड तुमच्या राहत्या स्टेटचंच निघतं, मधे दोन-तीन दिवस आणि तिकीट.

करारात तीन आकडे शोधा आणि हायलाइट करा: फीची पूर्ण रक्कम, किती महिन्यांची बांधिलकी, आणि मधेच सोडलं तर पूर्ण रक्कम द्यायची की राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. प्रमाणात असेल तरच मी सही करायला सांगेन. अकरा महिने काम करूनही पूर्ण फी मागणारे करार असतात. त्यावर व्याज आहे का, आणि कंपनीनेच काढून टाकलं तर काय, हेही बघा. घरी नेऊन वाचायला देत नसतील तर तिथून निघा.

७. शाळेतले आठवडे

इथे पैशाचं एकच सूत्र, पहिल्या फटक्यात पास व्हायचं, कारण प्रत्येक नापास म्हणजे आणखी एक-दोन आठवडे शून्य पगार. आपले लोक बॅकिंग (गाडी मागे घेणं) शिकतात, पण प्री-ट्रिप इन्स्पेक्शनला, म्हणजे निघण्याआधीच्या गाडीच्या तपासणीला मार खातात, कारण ते सगळं मोठ्याने इंग्रजीत बोलून दाखवायचं असतं. एअर ब्रेकचंच बघा. इंजिन बंद, चावी ऑन, दोन्ही पार्किंग ब्रेक सोडलेले, पायाने ब्रेक दाबून एक मिनिट धरायचा आणि सांगायचं की कॉम्बिनेशन गाडीत ४ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) वर हवा जाता कामा नये. मग पंप मारत हवा कमी करायची, ५५ च्या आधी वॉर्निंग लागली पाहिजे, आणि २० ते ४५ च्या दरम्यान पार्किंग ब्रेकचे दोन्ही नॉब बाहेर उडाले पाहिजेत. हे शब्दच्या शब्द फोनमध्ये रेकॉर्ड करा आणि वेअरहाऊसला जाता-येता ऐका, म्हणत राहा, झोपेतही आलं पाहिजे. स्टेटप्रमाणे आकडे किंवा क्रम थोडा बदलू शकतो, तुमच्या मॅन्युअलमधलाच पाठ करा.

खर्चाचं म्हणाल तर मोटेलच्या खोलीत मायक्रोवेव्ह असतो, छोटा राइस कुकर घेऊन जा, आठवड्याला पन्नास-साठ डॉलरमध्ये भागतं.

८. ट्रेनरच्या ट्रकमध्ये राहताना

या काळात तुमचं घर म्हणजे ट्रकच्या केबिनमधला वरचा बंक, झोपायची फळी. भाडं नाही, वीजबिल नाही, पण बेफिकीर राहिलात तर सगळा पगार ट्रक स्टॉपवर जातो. एक जेवण पंधरा ते वीस डॉलर, दिवसाला तीन धरले की आठवड्याला तीनशे-चारशे, म्हणजे ट्रेनिंग पेचा अर्ध्याहून जास्त. त्यामुळे जेवण स्वतःचं.

बारा व्होल्टचा लंचबॉक्स स्टोव्ह मिळतो, चाळीस-पन्नास डॉलर, लायटर सॉकेटला लागतो. त्यात ॲल्युमिनियमचा डबा बसतो. मी निघायच्या आधी धुतलेले तांदूळ, मुगाची डाळ, हळद, मीठ, दुप्पटीहून थोडं जास्त पाणी असं झाकण लावून ठेवतो, दोन तास गाडी चालली की खिचडी तयार. फोडणी ट्रकमध्ये होत नाही, ती घरी तेलात जिरं-मोहरी-लसणाची करून बाटलीत भरून आणायची आणि वरून घालायची. सोबत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे, दशम्या. वॉलमार्टमध्ये दही, केळी, अंडी. असं केलं तर आठवड्याला ऐंशी डॉलरच्या वर जात नाही. हिंग-लसणाच्या वासाबद्दल ट्रेनरशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या, ट्रक त्याचा आहे, तो जेवत असताना आधी विचारून एक घास त्याला द्या, बहुतेकांना आवडतं.

आंघोळ साधारण पंधरा-वीस डॉलर, पण पन्नास गॅलन डिझेल भरलं की लॉयल्टी कार्डवर एक फुकट मिळते. पायलट फ्लाइंग जे, लव्ह्ज, टीए या ट्रक स्टॉपची कार्डं पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावावर काढा आणि ट्रेनरला विनंती करा की एक आड एक फिलिंग माझ्या कार्डवर होऊ दे. काही ट्रेनर देत नाहीत, मग त्याच्या पॉइंटमधून शॉवर मिळेल का ते विचारा.

सोबत न्यायचं: चांगले बूट, हातमोजे, टॉर्च, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, स्लीपिंग बॅग, शॉवरच्या चपला, आणि एक जाड वही. वही पगारासाठी आहे. रोज लिहा, किती वाजता ड्युटी सुरू झाली, किती चालवलं, लोडिंगला किती थांबलो, कधी झोपलो. याचं कारण समजून घ्या. स्टेटबाहेर जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला फेडरल कायद्याने ओव्हरटाइम नाही, पण किमान वेतन आहे, तासाला ७.२५, काही स्टेटमध्ये जास्त. आठवड्यात ७० तास ड्युटी झाली तर ५०७.५० डॉलर होतात, मग ५०० चा ठरावीक पगार कायद्याच्या खाली जातो. शिवाय ट्रेनर आणि तुम्ही आलटून-पालटून चालवत असाल, ट्रक चालू आणि तुम्ही बंकवर, तर तो वेळ कसा धरायचा यावर कोर्टात मोठ्या केसेस झाल्यात. आर्कान्साच्या पीएएम ट्रान्सपोर्ट या ट्रक कंपनीने २०२० मध्ये अशाच केसमध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरची तडजोड केली, आणि २०२३ मध्ये बोस्टनच्या फर्स्ट सर्किट कोर्टाने सीआरएसटी या ट्रक कंपनीच्या केसमध्ये सांगितलं की दिवसाला आठ तासांच्या वरचा बंकमधला वेळ कामाचा धरावा. असं काही तुमच्या बाबतीत झालं तर कामाला येते ती तारीख-वेळ लिहिलेली वही.

बायका शिकत असतील तर महिला ट्रेनर मिळेल का, किती थांबावं लागेल आणि थांबण्याच्या काळात पगार आहे का, हे ओरिएंटेशनला जायच्या आधी विचारायचं. ट्रेनर दारू पिऊन आला, तुमच्या नावावर लॉग (ड्रायव्हिंगच्या तासांची नोंद) चालवायला सांगितलं, अंगचटीला आला, तर ताबडतोब कंपनीच्या सेफ्टी डिपार्टमेंटला फोन आणि मेसेज, दोन्ही. दुसरा ट्रेनर मागायचा तुमचा हक्क आहे. फक्त रागाच्या भरात ट्रक रस्त्यात सोडून निघून जाऊ नका, ते तुमच्या डॅक रिपोर्टवर, म्हणजे ड्रायव्हरच्या आधीच्या नोकऱ्यांच्या नोंदीवर लिहिलं जातं आणि पुढच्या कंपन्या तो बघतात. कंपनीच्या टर्मिनलवर पोचा, सामान काढा, किल्ली लेखी पोच घेऊन द्या.

९. सेटलमेंटची (पगाराची) स्लिप ओळ न ओळ वाचा

दर आठवड्याला येते. वर कमाई, खाली कपात. ॲडव्हान्स घेतला असेल तर त्याची रक्कम आणि वेगळी फी दिसेल, म्हणून ॲडव्हान्सची सवय लावू नका. ट्युशनचा हप्ता करारातल्याइतकाच आहे का बघा. मोटेलचं बिल कापलं असेल तर विचारा, सांगितलं होतं का.

पर डिएम नावाची ओळ असू शकते. म्हणजे पगाराचाच काही भाग जेवणखर्च म्हणून टॅक्स न लावता देतात. वाहतुकीच्या कामगारांसाठी आयआरएसचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाला ८० डॉलर आहे, पण कंपनी तेवढे देईलच असं नाही. हातात थोडे जास्त येतात, पण कागदावर पगार कमी दिसतो, पुढे घराचं लोन काढायचं असेल, सोशल सिक्युरिटी वाढवायची असेल तर तोटा. दोन वर्षांत घर घ्यायचं मनात असेल तर पर डिएम नको असं लिहून देता येतं का विचारा. आणि कंपनीच्या नोकरीतल्या ड्रायव्हरला २०१८ पासून फेडरल टॅक्समध्ये जेवणखर्च वजा करता येत नाही, कोणी टॅक्सवाला करून देतो म्हणाला तर ऐकू नका.

सोलो झाल्यावर, म्हणजे ट्रेनरशिवाय एकटे चालवायला लागल्यावर पगार मैलावर येतो. मैल नकाशावरचे धरतात, मीटरवरचे नाही, त्यामुळे थोडे कमीच भरतात. डिटेन्शन (लोडिंगला थांबणं), लेओव्हर (लोडविना मुक्काम), ब्रेकडाऊनचे पैसे आपोआप येत नाहीत, मागावे लागतात.

१०. लायसन मिळाल्यावर येणाऱ्या दोन ऑफर

एक, बहुधा आपल्याच ओळखीतून: "आमच्या छोट्या कंपनीत ये, ट्रक आमचा, पैसे १०९९ वर, टॅक्स कापत नाही, हातात जास्त." ट्रक त्यांचा, लोड त्यांचा, वेळ त्यांची, तर तुम्ही कायद्याने नोकरच आहात, डब्ल्यू-टू, म्हणजे नोकरदाराचा टॅक्स फॉर्म मिळायला हवा. १०९९ हा कंत्राटदाराचा फॉर्म, त्यावर सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे दोन्ही बाजूंचे मिळून १५.३ टक्के तुम्हीच भरता, अपघात झाला तर वर्कर्स कॉम्प (कामावरच्या दुखापतीची भरपाई) नाही, नोकरी गेली तर अनएम्प्लॉयमेंट भत्ता नाही. मी एका ओळखीच्या माणसाला वर्षाअखेरीस सात-आठ हजारांचं टॅक्सचं बिल हातात घेऊन बसलेलं बघितलंय.

दुसरी, कंपनीच्याच ऑफिसमधून: लीज-परचेस. "स्वतःच्या ट्रकचा मालक हो, डाउन पेमेंट नाही." ट्रकचा हप्ता, डिझेल, इन्शुरन्स, मेंटेनन्स सगळं तुमच्या सेटलमेंटमधून कापलं जातं, आणि लोड मिळाला नाही तर आठवडा उणे निघतो, म्हणजे काम करून वर तुमचंच देणं. फेडरल सरकारच्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी २०२५ मध्ये अशा योजनांवर बंदीच घाला अशी शिफारस केली. पहिलं वर्ष डब्ल्यू-टूवर, कंपनीच्या ट्रकवर, अपघात न करता काढा. वर्षभराचा स्वच्छ रेकॉर्ड झाला की लोकल काम मिळायला लागतं, रोज रात्री घरी, तासावर पगार. बऱ्याच ठिकाणच्या जाहिरातीत तेवढाच अनुभव मागितलेला असतो. तेव्हा अर्ज करायच्या आधी तुमचा डॅक रिपोर्ट मागवा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, चुकीची नोंद असेल तर लेखी हरकत घ्या आणि मग अर्ज पाठवा.